आचेचा हिशेब

राज्यांच्या सरहद्दी आखणाऱ्या अधिकाऱ्यांवर स्वयंपाकघराची हद्द आखण्याचे काम कोणी सोपविले नाही, हे एका परीने बरेच झाले. दूधगंगेच्या काठचे सदलगा हे चिकोडी तालुक्यातील गाव 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्याच्या दफ्तरातून म्हैसूर राज्याच्या दफ्तरात वर्ग झाले, कचेरीतल्या कागदांची लिपी पालटली. पण मराठी घरातली सुकी भाजी आणि शेजारच्या कानडी घरातले पल्या ही एकाच बाजारातून आणलेली, एकाच शेंगतेलात पडलेली आणि जवळजवळ एकाच शिरस्त्याने शिजणारी भावंडे होती, ती तशीच राहिली. फोडणी, मग भाजी, वर मीठ, पाण्याचा एक हबका आणि झाकण, हा तो शिरस्ता. जोंधळ्याच्या भाकरीला सोबत करावयाची तर भाजीत मऊपणा व ओलावा हवाच, म्हणून या रीतीला नावे ठेवण्याचे काही कारण नाही.

परंतु याच्या नेमक्या उलट्या रीतीने शिजणारी एक भाजी जपानात घरोघरी होते आणि ती आपल्या चुलीवर करून पाहण्याजोगी आहे. तिचे तिकडचे नाव यासाई इतामे. लोखंडी कढई धुराची पहिली रेघ दिसेपर्यंत तापवावी, थोडे तेल सोडावे, कोबी, गाजर, ढब्बू मिरची आणि मोड आलेले मूग असे चार जिन्नस ठरलेल्या क्रमाने टाकून भर आचेवर परतावेत, आणि मीठ, मिरपूड व सोया सॉस एवढ्यावरच काम आटोपून पाच-सहा मिनिटांत भाजी ताटात वाढावी, एवढेच तिचे स्वरूप. झाकण नाही, पाणी नाही, मसाल्याचा डबा उघडण्याचेही प्रयोजन नाही. तिकडच्या साध्या खाणावळींत भात, मिसोचे सूप आणि लोणचे यांच्या जोडीने ती जेवणात मिळते. मात्र तेथे तीत बहुधा डुकराच्या मांसाचे पातळ काप असतात, हे शाकाहारी प्रवाशाने ध्यानात ठेवलेले बरे. भर आचेवर परतण्याची ही विद्या मूळची चीनची. जपानचा जुना स्वयंपाक उकडणे, मंद शिजविणे आणि भाजणे यांवर उभा होता, आणि परतलेली भाजी तेथल्या सामान्य गृहिणीच्या रोजच्या व्यवहारात रुळली ती विसाव्या शतकात.

आपल्या मुलखात भर आचेच्या परतण्याशी लोकांचा परिचय झाला तो रस्त्यावरच्या ‘चायनीज’च्या गाड्यांमुळे. निपाणी, चिकोडी, इचलकरंजी अशा कोणत्याही गावी सायंकाळी अशा गाड्यापाशी उभे राहिले म्हणजे कढईला वेढणारी ज्वाला, आचाऱ्याच्या मनगटाचा हिसका आणि लाल रंगाचा दाट रस्सा या तिन्ही गोष्टी एकदम नजरेत भरतात. यातली आग खरी. मक्याच्या पिठाने दाट केलेला आणि मिरचीच्या सॉसने रंगविलेला रस्सा मात्र भारतीय जिभेसाठी केलेली नंतरची तजवीज आहे. त्या गाडीवरच्या एका डब्यात जी पांढरी स्फटिकवत पूड असते, तिचा उगम तर सरळ जपानातच आहे. तोक्योच्या शाही विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी 1908 साली कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे केले, त्याच्या रुचीला उमामी असे नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी ते द्रव्य अजिनोमोतो या नावाने विक्रीस आले. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडची, तोंडात रेंगाळणारी ही भरीव रुची सोया सॉसमध्ये बाहेरून काही न घालता उत्पन्न होते. कारण सोयाबीन आणि गहू यांवर कोजी नावाची बुरशी वाढवून, ते मिश्रण मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरविले असता त्यातील प्रथिनांचे विघटन होऊन ग्लुटामेट मोकळे होते. चिकोडी भागातला शेतकरी पावसाळ्याच्या तोंडाला सोयाबीन पेरतो, दिवाळीच्या आसपास मळणी करून ते बाजारात घालतो, आणि तेच कडधान्य बाटलीतून काळसर द्रवाच्या रूपाने किराणा दुकानात त्याच्या समोर येते तेव्हा ओळख देत नाही.

येथे एक शंका रास्त ठरेल. कांदा-लसणावाचून अशा भाजीला चव ती कुठली येणार? सदलग्यात ही शंका केवळ तात्त्विक नाही. हा सारा परिसर दिगंबर जैन शेतकऱ्यांचा आहे. याच गावी 10 ऑक्टोबर 1946 रोजी आचार्य विद्यासागर यांचा जन्म झाला, 1968 साली अजमेर येथे त्यांनी आचार्य ज्ञानसागर यांच्याकडून मुनिदीक्षा घेतली आणि 18 फेब्रुवारी 2024 रोजी डोंगरगढ येथे सल्लेखनेने देह ठेवला. व्रतस्थ जैन घरात कांदा व लसूण तर नाहीतच, पण गाजर, मुळा, बटाटा, ओले आले असे जमिनीखाली वाढणारे कंदही वर्ज्य. आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. शेतातून परतलेल्या माणसाने हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत स्वयंपाक आटोपावयाचा तर हाताशी घटकाभराची मुदत उरते, आणि अशा घरात सहा मिनिटांच्या भाजीचे मोल शहरी चाकरमान्याच्या घरापेक्षा काकणभर अधिकच असते.

त्या शंकेचे उत्तर जपानच्याच इतिहासात आहे. सम्राट तेम्मू यांनी 675 साली गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षातील काही महिन्यांपुरती मनाई करणारे फर्मान काढले. पुढे बौद्ध मठांतून शोजिन र्‍योरी नावाची संपूर्ण शाकाहारी पाकपद्धती परिणत झाली, आणि तिने केवळ मांसच नव्हे, तर कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वनस्पतीही मठाच्या रसोईतून बरखास्त केल्या. महायान परंपरेतील पाच निषिद्ध उग्र पदार्थांच्या यादीत हिंगाचाही समावेश होतो, ही गोष्ट हिंगाच्या फोडणीवर कांद्या-लसणाची उणीव भरून काढणाऱ्या आपल्या जैन गृहिणीला गमतीची वाटेल. तेराव्या शतकातील झेन आचार्य दोगेन यांनी 1237 साली मठाच्या मुख्य आचाऱ्यासाठी तेन्झो क्योकुन हा ग्रंथ लिहिला. तांदूळ स्वतः लक्ष देऊन धुवावा, उंचावर ठेवावयाचे भांडे उंचावर आणि खाली ठेवावयाचे खाली ठेवावे, हलक्या प्रतीची भाजी हाती आली म्हणून हेळसांड करू नये, असे त्यांचे सांगणे आहे. चवीचा भार मसाल्यावर न टाकता करणाऱ्याच्या अवधानावर टाकावयाचा, हे या ग्रंथाचे सार. आणि आजची परतलेली भाजी मठातली नसली, तरी तिचेही मर्म तेच आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. दोन माणसांसाठी पाव किलो कोबी, एक मोठी ढब्बू मिरची, मूठभर बिनीस, एक गाजर आणि वाटीभर मोड आलेले मूग पुरेत. जपानी मूग अंधारात वाढवून त्यांना बोटभर पांढरे दांडे आणतात. आपले मोड आखूड असले तरी चालतात. जैन घरात गाजराच्या जागी कोवळा दोडका किंवा कोवळ्या मक्याचे दाणे घ्यावेत. बारीक किडीच्या भयाने कोबी अथवा जीवोत्पत्तीच्या विचाराने मोड जेथे घेत नाहीत, तेथे बिनीस आणि ढब्बू मिरची यांचेच प्रमाण वाढवावे. भाज्या स्वयंपाकाला लागण्यापूर्वी तासभर आधीच धुऊन फडक्यावर पसरून कोरड्या कराव्यात. मग बिनीस तिरपे, गाजर पातळ व लांबट, मिरची करंगळीएवढ्या रुंदीची, कोबीची पाने दोन बोटे चौकोनी आणि त्याचे जाड दांडे निराळे, अशी चिराचिर करून प्रत्येक जिन्नस वेगळ्या ताटलीत ठेवावा. सारे काही हाताशी आल्यावाचून चूल पेटवू नये, कारण एकदा कढई तापली की विळीपाशी परत जाण्यास सवड मिळत नाही.

भाजी कोरडी करण्याचा हा आग्रह केवळ टापटिपीचा नव्हे. त्यामागे उष्णतेचा साधा जमाखर्च आहे. एक ग्रॅम पाणी 30 अंशांवरून 100 अंशांवर नेण्यास 70 कॅलरी उष्णता लागते, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे 540 कॅलरी खर्ची पडतात. शंभर ग्रॅम कोबीत नव्वद ग्रॅमच्या वर पाणीच असते. तेव्हा घरगुती शेगडीवरच्या कढईत एकदम अर्धा-पाऊण किलो भाजी ओतली की कढईने साठविलेली सारी उष्णता त्या पाण्याच्या वाफेपायी संपते, कढईचे तापमान कोसळते, आणि भाजी स्वतःच्याच पाण्यात उकडू लागते. जोवर भाजीचे पृष्ठ ओले आहे तोवर ते 100 अंशांच्या फारसे वर जात नाही; आणि फ्रेंच रसायनज्ञ मायार यांनी 1912 साली जिचे वर्णन केले ती, प्रथिनांतील घटक व शर्करा यांच्या संयोगातून खमंग तांबूसपणा आणणारी प्रक्रिया जोमाने चालावयास 140 अंशांच्या आसपास तापमान लागते. गाड्यावरच्या आचाऱ्याची शेगडी हा खर्च सोसते, आपली सोसत नाही. म्हणून चौघांसाठी भाजी करावयाची असेल तर ती दोन खेपांत करावी. एका खेपेत आटोपण्याच्या मोहाने पहिल्याच दिवशी निराशा पदरी येते.

कढई जाड लोखंडी असावी. पाण्याचा थेंब टाकताच तो न पसरता मण्यासारखा नाचू लागला म्हणजे ती तापली असे समजावे. थेंब उडून गेल्यावर दोन चमचे शेंगतेल सोडून कढई फिरवावी. प्रथम बिनीस आणि कोबीचे दांडे, दीडेक मिनिटाने गाजर, मग मिरची, मग कोबीची पाने आणि सर्वांत शेवटी मूग, हा क्रम जिन्नसाच्या कठीणपणावरून ठरतो. प्रत्येक जिन्नस पडताच चर्र असा आवाज उठतो. तो मंदावून बुडबुड ऐकू येऊ लागली, तर पाणी सुटले असे जाणावे आणि भाजी कढईच्या कडांना पसरून मध्यभाग मोकळा करावा. गुऱ्हाळावरचा गुळव्या जसा काहिलीतल्या रसाच्या आवाजावरून आणि फेसाच्या रंगावरून पाकाची वेळ ओळखतो, तसा येथेही कान आणि डोळा यांवरच भरवसा ठेवावा लागतो. कालथ्याने सतत ढवळीत राहू नये. कोबीची कड तांबूस होण्यास तिला कढईशी दहा-पंधरा सेकंद टेकू दिले पाहिजे.

मीठ आरंभी घालण्याची आपली सवय येथे आवरावी लागते, कारण मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते. मूग पडल्यावर मिरपूड आणि लवभर गूळ घालावा. मग एक मोठा चमचा सोया सॉस भाजीवर न ओतता कढईच्या तापलेल्या काठावरून सोडावा, म्हणजे तो खाली ओघळताना क्षणात करपट-खमंग होतो आणि त्याचा वास साऱ्या भाजीला लागतो. सॉसमध्ये शेकडा सोळाच्या आसपास मीठ असते. वरून आणखी घालण्यापूर्वी चव पाहावी. बाटली घेताना तिच्यावरचा तपशील वाचावा. सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी यांपलीकडे यादी जितकी लांबेल तितका तो सॉस मुरविण्यापेक्षा रंगविण्यावर अधिक विसंबलेला, असे बहुधा आढळते. जपानी गृहिणी शेवटी भाजलेल्या तिळांच्या तेलाचे चार थेंब टाकते. आपले तिळाचे तेल कच्च्या तिळांचे असल्याने त्याला तो वास नाही, म्हणून तव्यावर भाजलेले तीळ भरडून वरून भुरभुरावेत.

ज्या घरी आंबविलेले चालत नाही, त्यांनी सोया सॉस सोडून द्यावा आणि त्याच्या जागी शेवटच्या अर्ध्या मिनिटाला मीठ, चिमूटभर सुंठ, बिया व गर काढलेल्या पिकल्या टोमॅटोचे काप आणि उतरविल्यावर लिंबाचे चार थेंब घालावेत. टोमॅटोतही ग्लुटामेट पुष्कळ असते, आणि सुंठ ही वाळविलेली असल्याने बहुतेक जैन घरांत चालते. हिला अस्सल जपानी म्हणावे की नाही हा वाद पंडितांनी खुशाल करावा. ही भाजी कोरडी, कुरकुरीत आणि आपापल्या रंगाची राहिली, म्हणजे रीत पाळली गेली.

उतरविल्यावर ती ताबडतोब वाढली पाहिजे, कारण कढईत राहिली तर ती साठलेल्या उष्णतेने शिजतच राहते. भाताशी तिचे चांगले जमते. भाकरीशी खावयाची तर वाटीभर ताक किंवा पातळ आमटी जोडीला असू द्यावी. आपली झाकणाखालची भाजी हिच्यामुळे पदच्युत होईल असे मुळीच नाही. वांग्याला आणि घेवड्याच्या दाण्यांना ते झाकण हवेच. पण एखादी भाजी बेचव झाली की आपला हात आपसूक तिखटाच्या डब्याकडे जातो, आणि दोष पुष्कळदा गर्दीने भरलेल्या कढईचा, ओल्या पानांचा किंवा घाईने टाकलेल्या मिठाचा असतो. मसाला वाढविण्यापूर्वी आच तपासावी, एवढा एक धडा या परक्या भाजीपासून घेतला, तर आपल्या रोजच्या भेंडीचे आणि गवारीचेही त्यात कल्याण आहे.