संगणकाची नवी प्रणाली : स्वीकारण्यापूर्वीचा विचार

परभणी जिल्ह्यातील जाणता शेतकरी सोयाबीनचे घरचे बियाणे पारखल्याविना पेरीत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावयाचे, किती उगवले ते मोजावयाचे आणि सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य मानावयाचे, ही उगवणक्षमतेची चाचणी कृषी विभाग गावोगावी सांगत आला आहे. १९७२ साली परभणी येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठातही नवे वाण शेतकऱ्यांच्या हाती देण्यापूर्वी ते अनेक हंगाम प्रक्षेत्रावर पारखले जाते. ग्रामपंचायत, शाळा व कार्यालये यांतील संगणकांवर नवी प्रणाली बसवितानाही हीच दृष्टी आवश्यक आहे.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. कर आकारणीची नोंदवही, ग्रामसभेची इतिवृत्ते, विद्यार्थ्यांची माहिती, वेतनाची देयके ही सर्व कामे आज संगणकावर अवलंबून आहेत. ऐन वेळी संगणक अडला, तर पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील वाडीवरून दिवसाची मजुरी बुडवून दाखल्यासाठी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागते.

अपडेटचे दोन प्रकार

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. दरमहा येणारे सुरक्षाविषयक अपडेट हे कुंपणातील भगदाड बुजविण्यासारखे असते. ते लांबणीवर टाकणे धोक्याचे ठरते. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषावर उपाय प्रसृत केला होता. तो ज्यांनी बसविला नाही, अशा असंख्य संगणकांतील माहिती मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने कुलूपबंद केली. दीडशेहून अधिक देशांना त्याची झळ पोहोचली.

विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाणे हा मात्र दुसरा प्रकार होय. येथे संपूर्ण कार्यप्रणालीच बदलते. अशा मोठ्या बदलात घाईही हानिकारक ठरू शकते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी वितरित झालेल्या विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटमुळे काही वापरकर्त्यांच्या फायली नाहीशा झाल्या. कंपनीने काही दिवसांतच वितरण थांबविले आणि दुरुस्तीनंतर १३ नोव्हेंबर २०१८ रोजी ते पुन्हा सुरू केले. ज्यांनी सहा आठवडे धीर धरला, त्यांच्या फायली या दोषापासून वाचल्या.

म्हणून नियम सोपा आहे : मासिक सुरक्षा अपडेट वेळेवर घ्यावे, मोठे अपडेट पारखून घ्यावे.

मुदत आणि यंत्राची कुवत

पारखणे म्हणजे अनिश्चित काळ टाळणे नव्हे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतरही संगणक सुरू राहतो. परंतु नव्याने आढळणाऱ्या दोषांवर नियमित उपाय मिळत नाहीत. संस्थांना शुल्क भरून जास्तीत जास्त तीन वर्षे सुरक्षा अपडेट घेण्याची सोय कंपनीने ठेवली. ही सोय तयारीला अवधी देते, प्रश्न सोडवीत नाही.

यानंतर यंत्राची कुवत पाहावी. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, मान्यताप्राप्त ६४-बिट प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा व्यवस्था लागते. ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचे साधन संगणक पात्र आहे किंवा नाही ते सांगते. अपात्र यंत्रावर आडमार्गाने प्रणाली बसविता येते; मात्र अशा यंत्रास पुढील अपडेट मिळण्याची हमी कंपनी देत नाही. अशा वेळी नव्या यंत्राची तरतूद करणे किंवा काम जुळत असल्यास सी-डॅकने विकसित केलेल्या ‘बॉस’ लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचा विचार करणे श्रेयस्कर.

काम चालेल काय ?

संगणक सुरू होणे आणि काम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल, अंगठ्याचे यंत्र, प्रिंटर व स्कॅनर नव्या प्रणालीवर चालतील काय, याची यादी करून प्रत्येकासमोर खूण करावी. मराठी मजकुराकडे विशेष लक्ष द्यावे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली जुनी इतिवृत्ते तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसल्यास निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. ते फॉन्ट आधीच जपून ठेवावेत.

नोंदींचे रक्षण

संकेतस्थळावर भरलेली माहिती दूरच्या सर्व्हरवर असते. परंतु संगणकातील पत्रे, तक्ते व छायाचित्रे तेथेच असतात. त्यांच्या दोन प्रती घ्याव्यात. त्यांपैकी एक संगणकापासून अलग करून कपाटात ठेवावी. प्रत घेतली एवढ्यावर समाधान न मानता ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही न उगवणाऱ्या बियाण्यासारखीच होय.

प्रत्यक्ष कृती

कार्यालयातील सर्व संगणक एकाच दिवशी बदलू नयेत. ज्याच्यावाचून काम अडणार नाही, असा एक संगणक प्रथम निवडावा. मार्चअखेर, पीक विम्याची मुदत किंवा परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस टाळावेत. अपडेट सुरू असता वीज गेल्यास प्रणाली बिघडू शकते. त्यामुळे भारनियमनाची वेळ पाहून व बॅटरीची सोय करून काम हाती घ्यावे.

विंडोज ११ वर गेल्यानंतर साधारणतः दहा दिवसांपर्यंत पूर्वीच्या प्रणालीवर परतता येते. या दहा दिवसांत एक दाखला छापणे, एक स्वाक्षरी करणे, एक देयक तयार करणे अशी नित्याची सर्व कामे करून पाहावीत. दोष आढळल्यास परतावे. न आढळल्यास उर्वरित संगणकांकडे वळावे.

या निर्णयाची जबाबदारी एकट्या संगणक परिचालकावर सोपविणे उचित नाही. कोणत्या दिवशी काम बंद ठेवावयाचे, प्रती कोणाच्या ताब्यात राहावयाच्या आणि नव्या यंत्रासाठी किती तरतूद करावयाची, हे ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक व कार्यालयप्रमुख यांनी ठरवावयाचे आहे. पेरणीपूर्वी शंभर दाणे मोजण्यास वेळ लागतो, परंतु दुबार पेरणीचा भुर्दंड त्याहून कितीतरी मोठा असतो, हे या जिल्ह्यात कोणासही निराळे सांगावयास नको.