झोपलेल्या पिल्लाचे श्वास कसे मोजायचे?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलेलं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

सेलूहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला: "भाऊ, रोडवरून पिल्लू उचलून आणलं, दीड-दोन महिन्याचं असन. झोपलं तरी पोट लय जोरात हालून राहिलं. काय करू?" सोबत ११ सेकंदांचा व्हिडिओ. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, पण प्रश्न अगदी खरा आहे. पिल्लू आणलेल्या प्रत्येकाला पहिल्याच रात्री तो पडतो.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पशुवैद्य नाही. त्यामुळे औषधाचं नाव माझ्याकडून मिळणार नाही. मोजायचं कसं, बघायचं काय आणि उठून दवाखान्यात कधी पळायचं, एवढंच बोलू.

आधी मोजणी. छाती वर आली आणि खाली गेली, की झाला एक श्वास. बरेच जण वर एक आणि खाली एक असे दोन धरतात, आकडा दुप्पट येतो आणि घरात रडारड सुरू. फोनवर ३० सेकंदांचा टायमर लावा, श्वास मोजा, दोनाने गुणा. मोठं निरोगी कुत्रं शांत झोपेत मिनिटाला साधारण ३० च्या आत असतं. पिल्लांचा वेग थोडा जास्त, ४० पर्यंतही जातो.

आता गंमत बघा. पिल्लू झोपेत पाय झाडतंय, मिशा थरथरतात, बारीक कुंई-कुंई करतंय, म्हणजे ते स्वप्नात आहे. त्या वेळी श्वास एकदम भरभर होतो, मध्येच थांबल्यासारखा वाटतो, परत पळतो. ती मोजणी धरायचीच नाही. पाच-दहा मिनिटं थांबा, अंग सैल पडू द्या, मग मोजा. नुकतंच खेळलेलं, नुकतंच जेवलेलं, नवीन घरात भेदरलेलं पिल्लूही जोरातच श्वास घेतं.

आमच्याकडे सर्व्हरचा सीपीयू एका क्षणाला ९० टक्के दिसला म्हणून रात्री कोणी कोणाला उठवत नाही. तो तासभर तिथंच अडकला, तर मात्र उठवतात. इथंही तसंच. दिवसातून दोनदा, गाढ झोपेत मोजा आणि नोट्समध्ये लिहून ठेवा. तीन-चार दिवसांत तुमच्या पिल्लाचा नेहमीचा आकडा कळतो. रोज २८ असणारं आज सलग तीन वेळा ४५ आलं, तर ती बातमी आहे.

पण आपण वर्ध्यात राहतो. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार पंजांच्या तळव्यांना येतो, तेवढाच. उष्णता बाहेर टाकायची त्याची मुख्य सोय म्हणजे तोंड उघडून धापा टाकणं. जिभेवरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि आतलं रक्त थंड होतं. आपला कूलर ओल्या वाळ्यातून हवा ओढून जे करतो, तेच. म्हणून जुलैच्या दमट हवेत कूलर जसा निकामी होतो, तशी कुत्र्याची धापही कमी कामाची ठरते. पारा ३४ असला तरी पावसाळी उकाड्यात पिल्लू तापू शकतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. धापा टाकताना श्वास मिनिटाला २०० च्या वरही जातात, त्यामुळे तेव्हा मोजण्यात अर्थ नाही. आधी पिल्लाला थंड फरशीवर, सावलीत, पंख्याखाली ठेवा, पाणी समोर ठेवा. अर्ध्या तासाने तोंड मिटून झोपलं, की मग टायमर लावा. गार जागेतही धाप थांबत नसेल, तर ती नुसती उकाड्याची साधी धाप समजू नका.

रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाच्या बाबतीत मला आकड्यापेक्षा हिरड्या महत्त्वाच्या वाटतात. वरचा ओठ हळूच उचला. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली, की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात; मग खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पिल्लू नवीन आहे, चावलं किंवा दात लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. लहान आहे म्हणून सोडू नका.

हिरड्या पांढुरक्या असतील तर रक्त कमी असू शकतं. दोन किलोच्या पिल्लाच्या अंगात एकूण रक्त असतं साधारण १६० ते १८० मिली. मोठा कपभर चहा म्हणा. त्यात अंगावर गोचीड आणि पिसवा, आतड्यात रक्त पिणारे अंकुशकृमी. हे जंत आईच्या दुधातूनच पिल्लात येतात, म्हणजे कितीही स्वच्छ जागेतून उचललं तरी असू शकतात. रक्त कमी पडलं की ऑक्सिजन पोचवायला शरीर श्वास वाढवतं. बाहेरून दिसतं एवढंच, की पिल्लू शांत झोपलंय आणि पोट भरभर हलतंय. असं पिल्लू एक-दोन दिवसांतही जाऊ शकतं, आणि वेळेत नेलं तर वाचतंही. त्यामुळे "सोमवारी बघू" नको.

नाकाडोळ्यांतून चिकट पाणी आणि खोकला असेल तर डिस्टेंपर किंवा न्यूमोनियाची शंका घ्यायची. गाडीचा धक्का लागलेल्या पिल्लाला बाहेरून ओरखडाही नसतो, पण आतला श्वासपटल फाटून आतडी छातीत सरकलेली असू शकतात. ते एक्स-रेमध्ये कळतं. काहींच्या हृदयात जन्मतः दोष असतो, तो डॉक्टरांना स्टेथोस्कोपने ऐकू येतो.

टायमर बाजूला ठेवून थेट निघायचं कधी? हिरड्या निळसर, राखाडी किंवा पांढऱ्या. प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जातंय. मान लांब, कोपरं बाहेर, आणि आडवं पडवतच नाही. किंवा उठतच नाही. उन्हाने कोसळलं असेल तर आधी अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला आणि तसंच घेऊन निघा. तोंडात दूध-पाणी बळजबरीने ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनही नको. कुत्र्याला ती विषारी ठरू शकतात.

वर्ध्यात जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि पिपरी (मेघे) इथं पीपल फॉर ॲनिमल्सचं करुणाश्रम. हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडच्यांनी आपल्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये घ्या, रात्री दोनला शोधायला लागू नये म्हणून. पुढच्या तपासण्या लागल्या तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय ७५ किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात जायचं तर पहाटे निघा; बंद गाडीत पिल्लाला पाच मिनिटंही एकटं ठेवू नका.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्या: तुमची मोजणीची नोंद, झोपेतला पूर्ण एक मिनिटाचा आडवा व्हिडिओ ज्यात छाती-पोट दोन्ही दिसतात, आणि शक्य असेल तर ताज्या शीचा नमुना एका डबीत. दवाखान्यात पिल्लू घाबरून तसंही धापा टाकणार, तिथं खरा वेग दिसत नाही.

सेलूच्या मित्रा, तुझ्या व्हिडिओत पिल्लाचे पाय झाडलेले दिसतात, म्हणजे ते बहुतेक स्वप्नात होतं. तरी हिरड्या आजच बघ, आणि जंताच्या औषधासाठी तसंही उद्या दवाखान्यात न्यायचंच आहे. वजन करून डोस देतात, तेव्हा पिल्लू सोबत ने.