एक गाभा, अनेक वितरणे : लिनक्सची निवड कशी करावी?

चेन्नई शहराच्या पश्चिम भागात अण्णा नगर नावाची एक आखीव वसाहत आहे. १९६८ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये भरलेल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाच्या निमित्ताने उभारलेला मनोरा तेथील विश्वेश्वरय्या उद्यानात आजही पाहावयास मिळतो. येथील हमरस्त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे अनुक्रमांक आहेत. त्यामुळे नवख्या माणसासही घर शोधताना फारसे चाचपडावे लागत नाही.

या वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची आपण कल्पना करू. घरातील आई घरबसल्या दोन-तीन दुकानदारांचे हिशेब ठेवते. आठवीतील मुलगी शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकते; साताऱ्याच्या मावशीला मात्र मराठीत पत्र लिहिते. आजोबा सकाळी वर्तमानपत्र वाचतात आणि सायंकाळी दूरच्या नातवंडांशी पडद्यावर बोलतात. या तिघांत मिळून एक लॅपटॉप आहे. तो नऊ वर्षांपूर्वी घेतलेला असला तरी उत्तम चालतो.

अडचण निराळीच आहे. या लॅपटॉपवरील विंडोज १० या कार्यप्रणालीस तिच्या निर्मात्या कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढील विंडोज ११ साठी जी सुरक्षा-चकती आणि जो नवा प्रक्रियक लागतो, तो या यंत्रात नाही. मग सुस्थितीतील यंत्र भंगारात काढावयाचे काय? की दुरुस्त्या बंद झालेल्या प्रणालीवरच दुकानदारांचे हिशेब ठेवावयाचे? अशा वेळी कोणी तरी सुचवितो, “लिनक्स घाला.” सल्ला योग्य आहे, परंतु तो ऐकताच दुसरा प्रश्न पुढे येतो : कोणते लिनक्स?

सांगाडा एक, गाड्या अनेक

लिनक्स हे वस्तुतः एका संपूर्ण प्रणालीचे नाव नव्हे. ते तिच्या गाभ्याचे नाव आहे. यंत्राची स्मृती, प्रक्रियक, पडदा आणि कळफलक यांच्यात ताळमेळ राखण्याचे काम हा गाभा करतो. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहावयास घेतला. केवळ गाभ्याने मात्र पत्र लिहून होत नाही. त्यासाठी खिडक्या, टंक, लेखनाची साधने आणि नवी आज्ञावली बसविण्याची सोय असे पुष्कळ साहित्य जोडावे लागते. हे सारे निवडून, जुळवून आणि तपासून जो संच सिद्ध केला जातो, त्यास ‘वितरण’ म्हणतात.

महाराष्ट्रातील वाचकास हे एस.टी.च्या गाडीवरून चटकन उमगेल. अशोक लेलँडचा कारखाना चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर येथे आहे. या कंपनीचा इंजिनासह सांगाडा येतो आणि त्यावर गाडीचा साज चढविण्याचे काम राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडीसारख्या कार्यशाळा करीत आल्या आहेत. त्याच सांगाड्यावर दुसऱ्या राज्याची कार्यशाळा निराळी गाडी बांधते. सांगाडा एकच, परंतु आसने, दारे, सामान ठेवण्याची जागा आणि देखभालीची शिस्त ही बांधणाऱ्याची. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा ही लिनक्सची वितरणे अशीच एका गाभ्यावर बांधलेली आहेत. म्हणून ‘सर्वांत चांगले वितरण कोणते?’ या प्रश्नास एकच उत्तर नाही. प्रवासी कोण, रस्ता कोणता आणि गाडी बिघडल्यास दुरुस्त कोण करणार, हे आधी पाहावे लागते.

निवड करताना तीन वजने तराजूत टाकावयाची असतात : स्वातंत्र्य, खासगीपण आणि सुलभता.

मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने या विषयात बराच गोंधळ माजविला आहे. त्याचा एक अर्थ विनामूल्य आणि दुसरा स्वतंत्र. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्द निराळे आहेत, हे आपले भाग्य. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली ती मुक्त आज्ञावलीसाठी. तिच्या वापरणाऱ्यास चार अधिकार असतात : आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालविणे, तिची मूळ संहिता वाचून तीत बदल करणे, तिच्या प्रती इतरांना देणे, आणि आपण केलेले बदलही इतरांना देणे.

वाचकाच्या मनात येईल, की ज्यास संहिता वाचताच येत नाही, त्यास या अधिकाराचा काय उपयोग? याचे उत्तर चेन्नईतच सापडते. शासनाच्या पुढाकाराने मुक्त आज्ञावलीसाठी एक राष्ट्रीय संसाधन केंद्र येथे २००५ साली सुरू झाले. सी-डॅकची चेन्नई शाखा आणि क्रोमपेट येथील अण्णा विद्यापीठाच्या आवारातील ए.यू.-के.बी.सी. संशोधन केंद्र यांनी ते मिळून चालविले. या प्रयत्नातून २००७ साली ‘बॉस’ हे भारतीय वितरण बाहेर पडले. ते मुळारंभापासून लिहिलेले नव्हते. डेबियन या आधीच्या वितरणावर ते बांधले होते. त्यात तमिळ, मराठी, हिंदी अशा भारतीय भाषांतून काम करण्याची सोय करण्यात आली. त्यासाठी चेन्नईतील तंत्रज्ञांना परदेशातील कोणत्याही कंपनीचा दरवाजा ठोठवावा लागला नाही. कारण बदल करण्याचा अधिकार परवान्यातच लिहिलेला होता. पुढे २०११ साली तमिळनाडू शासनाने विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली, तेव्हा त्या यंत्रांवर बॉसही बसविण्यात आले.

बाजारास ज्या भाषेत नफा दिसत नाही, तिच्यासाठी हा अधिकार फार मोलाचा आहे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून भिन्न असतात. ‘सुऱ्या’ या शब्दातील अर्ध्या ‘र’चे रूप मराठीस हवेच असते. मुक्त टंकांत ही रूपे घालता आली, ती टंक सर्वांना खुले असल्यामुळे. आठवीतील मुलीला संहिता आज वाचता येत नसेल. परंतु ज्याला येते, त्याने तिच्यासाठी केलेले काम तिच्यापर्यंत पोहोचते.

तथापि स्वातंत्र्याची किंमतही असते. लॅपटॉपमधील वाय-फायसारख्या कित्येक भागांना चालण्यासाठी एक छोटी आज्ञावली लागते आणि तिची संहिता कारखानदार गुप्त ठेवतात. ट्रिस्क्वेलसारखी कडक तत्त्वाची वितरणे असा एकही गुप्त भाग स्वीकारीत नाहीत. परिणामी काही यंत्रांत त्यांचे वाय-फाय चालत नाही. डेबियननेही पुष्कळ वर्षे आपल्या अधिकृत स्थापना-संचातून हे भाग वगळले होते. अखेर २०२२ साली तिच्या स्वयंसेवक सभासदांनी मतदान करून ते समाविष्ट करण्याचे ठरविले, आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आले. ज्याचे यंत्र जाळ्यास जोडलेच जात नाही, त्यास मुक्त आज्ञावली तरी कशी मिळणार, हा त्यातील पेच होता. तत्त्व आणि सोय यांचा हा तंटा उघड मतदानाने सुटला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

खिडकीतून कोण पाहते?

दुसरे वजन खासगीपणाचे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. परंतु अधिकार कागदावर असणे वेगळे आणि आपले यंत्र कोणास काय कळविते हे आपणास ठाऊक असणे वेगळे.

लिनक्स म्हटले की खासगीपणा आपोआप आला, असेही नव्हे. ऑक्टोबर २०१२ मधील उबुंटूच्या आवृत्तीत एक नवी रीत आली. वापरणाऱ्याने स्वतःच्या यंत्रातील कागदपत्र शोधण्यासाठी शब्द टंकला, की तो शब्द बाहेरही पाठविला जाई आणि ॲमेझॉनवरील वस्तू पडद्यावर येत. यावर सर्वत्र टीका झाली आणि २०१६ च्या आवृत्तीत हा बाहेरील शोध मुळातच बंद ठेवण्यात आला. येथे स्वातंत्र्याने खासगीपणाचे रक्षण केले. संहिता उघडी असल्यामुळे काय घडते आहे हे लपून राहिले नाही, आणि ज्यांना ते रुचले नाही, त्यांना उबुंटूवरच आधारलेले पण निराळा दर्शनी भाग असणारे मिंटसारखे वितरण घेता आले.

तरीही उघडी संहिता म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणी तरी चोरदरवाजा बसविल्याचे उघडकीस आले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रात प्रवेश होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले, आणि त्याने मुळापर्यंत जाऊन छडा लावला. हा दूषित भाग काही वितरणांच्या चाचणी-आवृत्त्यांत शिरला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोहोचला नव्हता. यातून गृहस्थाने एकच धडा घ्यावा : नवेपणाच्या मोहाने रोज बदलणारे वितरण घरच्या हिशेबासाठी घेऊ नये.

शिवाय कार्यप्रणाली केवळ आपल्या घराचे दार सांभाळते. पत्र आपण कोणत्या टपालवाल्याच्या हाती देतो, हे तिच्या हाती नाही. एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपण माहिती भरली, तर ती लिनक्सवरूनही त्या कंपनीकडेच जाणार.

सुलभता ही चैन नव्हे

तिसरे वजन सुलभतेचे. तत्त्वनिष्ठ मंडळी कधी कधी ते हलके लेखतात. आजोबांना नातवंडांचा चेहरा दिसला नाही, तर दोन दिवसांत सारे घर जुन्या प्रणालीकडे वळेल, आणि मग स्वातंत्र्यही गेले व खासगीपणाही गेला. चार गोष्टी तपासल्या, तर हा प्रसंग टळतो.

पहिली : वितरणाचा संच पेन-ड्राइव्हवर उतरवून, आतील काहीही न पुसता, यंत्र त्यावरून चालवून पाहता येते. वाय-फाय, ध्वनी, कॅमेरा आणि मुद्रणयंत्र चालते की नाही, हे अर्ध्या तासात कळते. दुसरी : मराठी कळफलक निवडून ‘ज्ञानेश्वर’, ‘सुऱ्या’, ‘कृष्ण’ असे शब्द टंकून पाहावेत. तिसरी : दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, ते विचारावे. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीस, आणि तीवर आधारलेल्या मिंटलाही, साधारणपणे पाच वर्षे आधार असतो. फेडोराच्या आवृत्तीस जेमतेम तेरा महिने. चौथी, आणि बहुधा निर्णायक : अडल्यास हाक कोणास मारणार? केरळच्या शासकीय व अनुदानित शाळांत मुक्त आज्ञावली रुजली, ती केवळ संच वाटल्यामुळे नव्हे. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले आणि पाठ्यपुस्तके त्याच आज्ञावलीस धरून लिहिली गेली. ज्या वाचनालयाच्या वा शाळेच्या जवळ डेबियन जाणणारा माणूस असेल, तिने डेबियन घ्यावे. उबुंटू जाणणारा असेल, तर उबुंटू. तत्त्वतः सरस वितरणापेक्षा शेजारी जाणकार असलेले वितरण प्रत्यक्षात अधिक टिकते.

निवड आणि फेरनिवड

आता अण्णा नगरातील त्या घराकडे परत जाऊ. मिंट वा डेबियनची स्थिर आवृत्ती या तिघांच्या गरजांस पुरेशी आहे. ती बसविण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची प्रत वेगळ्या तबकडीवर काढून ठेवावी. बसवितानाच संपूर्ण साठा सांकेतिक करण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे यंत्र चोरीस गेले तरी दुकानदारांचे हिशेब कोणास वाचता येणार नाहीत. हाच लॅपटॉप एखाद्या वार्ताहराचा असता आणि त्यास आपल्या माहितगाराचे नाव जिवापाड जपावयाचे असते, तर ‘टेल्स’ योग्य ठरले असते. ते पेन-ड्राइव्हवरून चालते आणि यंत्र बंद होताच मागे काही ठेवीत नाही. प्रत्येक पारड्यात निराळी वजने पडतात, म्हणून काटाही निराळ्या बाजूस झुकतो.

आणि निवड चुकली तर? कागदपत्रे ओपन डॉक्युमेंटसारख्या खुल्या स्वरूपात ठेवलेली असतील, तर ती दुसऱ्या वितरणातही तशीच उघडतील. विंडोज १० च्या बाबतीत निर्णयाचा दिवस दूरच्या एका कंपनीने ठरविला. या घरास केवळ तो पाळावा लागला. यापुढे आईस हिशेबाची, आजोबांना पडद्याची किंवा मुलीस मराठीची अडचण आली, तर तोच गाभा आणि तीच कागदपत्रे कायम ठेवून त्यांना दुसरी गाडी निवडता येईल. हा फेरनिवडीचा अधिकार त्या घराच्या हाती आला, हा या खटाटोपाचा खरा लाभ होय.