शेजारचे तीन सूर्य
मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या सुमारास कोकणातून दक्षिण क्षितिजालगत एक ठळक तारा दिसतो. तो नरतुरंग तारकासमूहातला ‘मित्र’. लहान दुर्बिणीतून पाहिले की त्याचे दोन तारे वेगळे दिसतात. ४.३७ प्रकाशवर्षांवरची ही जोडी सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करते.

तिसरा सोबती प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी. हा लाल बटुतारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जोडीभोवतीच्या एका फेरीला त्याला सुमारे साडेपाच लाख वर्षे लागतात. २०१६मध्ये त्याच्याभोवती एक ग्रह सापडला. त्याचे वर्ष जेमतेम ११ दिवसांचे! प्रॉक्सिमा मंद असल्याने इतक्या जवळही पाणी द्रवरूपात टिकू शकेल. मात्र ताऱ्यावरचे प्रखर उद्रेक ग्रहाचे वातावरण उडवून लावू शकतात.