गुण, बक्षीस आणि ज्ञानचौपड

गाथा कंठस्थ केली की पॉइंट, नवकारसी केली की पॉइंट आणि वर्षअखेरीस त्यांच्या हिशेबाने भेटवस्तू, ही पद्धत घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडील पाठशाळांत मुले पाठविणाऱ्यांना परिचित आहे. आता शाळांतही तारे, बिल्ले आणि अग्रक्रमाच्या याद्या मोबाइलवर झळकू लागल्या आहेत. मुले उत्साहाने धावतात हे खरे. ती कशामागे धावतात, हे मात्र पाहिले पाहिजे.

व्यापारी कुटुंबांना हे वेगळे सांगावे लागत नाही. सेलमध्ये गर्दी करणारे गिऱ्हाईक भाव पूर्ववत झाल्यावर दुकानाची पायरी पुन्हा चढते का, यावर दुकानाची पत ठरते. बँकेच्या नोकरीत मार्चअखेरीस हेच दिसे. उद्दिष्टापुरत्या आलेल्या ठेवी एप्रिल उजाडताच निघून जात; आकडा पूर्ण होई, ठेवीदार जोडला जात नसे.

याची एक प्रसिद्ध परीक्षा १९७३ साली प्रकाशित झाली. अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रकलेची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढल्यास सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे बक्षीस नसताना या मुलांनी रंगपेनांना इतरांच्या सुमारे निम्माच वेळ दिला. ज्यांना प्रशस्तिपत्र अकल्पितपणे मिळाले, त्यांची आवड घटली नाही. म्हणजे दोष बक्षिसाचा नव्हे, आधी ठरविलेल्या सौद्याचा.

आपल्या परंपरेतील ज्ञानचौपडीत असा सौदा नाही. सापशिडीचे हे जुने रूप. महाराष्ट्रातील मोक्षपट त्याचाच भाऊबंद. कापडावर रंगविलेल्या जैन पटांवर बहुधा ८४ घरे असत. (फासा पाहून कोणाला द्यूत आठवेल, येथे पणाला काहीच लावायचे नसते.) खेळाचा नियम हाच येथे धडा असतो.

समजा, पाठशाळेतील शिक्षिकेने चौदा गुणस्थानांचा पट आखला. अकराव्या घरी पोहोचलेली सोंगटी खाली घसरणारच. एवढ्या उंचीवरून का, असे मूल विचारील. उत्तर असे, की उपशांतमोह गुणस्थानी मोह दबलेला असतो, नष्ट झालेला नसतो. बँकेच्या भाषेत, कर्ज फिटलेले नाही, केवळ मुदत वाढवून मिळाली आहे. मोहाचा क्षय करीत चढणारा जीव मात्र दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो. हा भेद पाठ करून घ्यायला अनेक रविवार लागतात. पटावर दोनदा घसरलेले मूल तो विसरणार नाही.

भिंतीवरील गुणांची यादी तेवढी काढावी, असे मला वाटते. तिच्या माथ्यावर बहुधा तीच चार नावे राहतात आणि तळाची मुले हळूहळू येईनाशी होतात. पटासाठी एक पुठ्ठा, रंग आणि सुट्टीची एक दुपार पुरे. आखण्याचे काम मुलांकडेच द्यावे.