मोबदल्यात न धरलेलं घर

घर आणि स्थलांतर : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण पोटासाठी गाव सोडणाऱ्यांबद्दल बोललो. चाकरमान्याचं कोकणातलं घर वर्षभर बंद असतं, पण गणपतीला त्याचं दार उघडतं. धरणात गाव गेलेल्या माणसाला अशी सोय नसते. तो निघाला की त्याच्या पाठीमागे परत जायचं ठिकाणच नाहीसं होतं. हा फरक नीट समजून घ्यायचा तर गोव्यातल्या कुर्डीला जायला हवं.

सांगे तालुक्यातल्या या गावाचं नाव रसिकांना गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांमुळे माहीत आहे. नारळ, काजू, आंबा, फणस आणि भातशेतीचं हे गाव. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सुमारे तीन हजारांची वस्ती. गोवा मुक्त झाल्यावर साळावली नदीवर धरण बांधायचं ठरलं. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावात आले होते आणि या पाण्याने साऱ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल असं त्यांनी सांगितलं होतं, ही आठवण कुर्डीकर अजून सांगतात. १९८६ साली गाव पाण्याखाली गेलं. लोक वाडे आणि वालकिणीच्या वसाहतींत गेले.

दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी जलाशयाची पातळी उतरते आणि मे महिन्यात कुर्डी वर येते. भेगाळलेला गाळ, माडांचे बुंधे, जांभ्या दगडाची जोती, कोरडे पाट, फुटक्या भांड्यांचे तुकडे. भिंती नाहीत, छपरं नाहीत, तरी माणसं आपलं घर ओळखतात. कुणी विहिरीच्या कठड्यापासून अंदाज घेतं, कुणी शेजाऱ्याच्या पायरीपासून पावलं टाकत येतं. मग मुलांना दाखवणं सुरू होतं : इथे चूल, इथे न्हाणी, इथून मागीलदारी जायचं. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलाचं फेस्त करतात. वसाहतीत एकमेकांपासून लांब पडलेली घरं त्या दिवशी पुन्हा शेजारी होतात. जूनचा पाऊस लागला की गाव परत बुडतं.

मला या ओळखण्याच्या रीतीत घराचा अर्थ सापडतो. कुणीही आपलं घर एकटं ओळखत नाही. विहीर, शेजाऱ्याची पायरी, देवळाची वाट यांच्या आधाराने ते सापडतं. घर या साऱ्या नात्यांच्या मधली जागा असतं. सरकार संपादन करतं तेव्हा नेमकं उलटं घडतं. मोजणी होते ती एकेकट्या वस्तूची : इतक्या खोल्यांची इमारत, इतके माड, इतक्या विहिरी, अमुक सर्व्हे नंबर. पाटाचं पाणी कुणाच्या बागेत कोणत्या वारी जायचं, अडीनडीला कुणाच्या घरून तांदूळ यायचे, लग्नात पहिला मान कुणाचा, यांतलं काहीच त्या तक्त्यात येत नाही.

तक्ता भरणाऱ्या कारकुनाला यासाठी दोष देणं बरोबर नाही. हे कायद्यातच लिहिलेलं होतं. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचं कलम २४ मोबदला ठरवताना कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या नाहीत ते सांगत होतं. त्यात एक बाब अशी, की मालकाला जमीन सोडायची इच्छा नाही, ही गोष्ट अजिबात धरायची नाही. बाजारभाव द्यायचा, संपादन सक्तीचं म्हणून वर काही टक्के दिलासा रक्कम द्यायची. हे प्रमाण १९८४ च्या दुरुस्तीपर्यंत पंधरा टक्के होतं, नंतर तीस झालं. स्वतःची जमीन नसलेल्या शेतमजुराच्या हाती तर तेही येत नसे. माणूस आपल्या जागेला धरून असतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांना ते नाव घेऊन वगळावं लागलं. परक्या सत्तेने घातलेली ही अट स्वतंत्र देशाने साठ वर्षांहून अधिक काळ जशीच्या तशी चालवली, याचं मला फार वाईट वाटतं. २०१३ चा नवा कायदा आला तेव्हा कुठे भूमिहीनांची कुटुंबंही बाधित म्हणून मोजली जाऊ लागली आणि सामाजिक परिणामांची पाहणी बंधनकारक झाली. कुर्डीला त्याचा उपयोग नव्हता.

कुर्डीतलं काही हलवलं गेलं. महादेवाचं प्राचीन दगडी देऊळ पुरातत्त्व खात्याने एकेक चिरा उतरवून दुसरीकडे जसंच्या तसं उभं केलं. जांभ्यात कोरलेली मातृदेवता वेर्ण्याला नेली. हे काम कौतुकाचंच आहे. पण क्रमांक घालून चिरे हलवता येतात, त्या देवळाभोवतीचा गाव तसा हलत नाही.

पुनर्वसनाच्या बाबतीत महाराष्ट्राने पुढचं पाऊल टाकलं होतं. १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने धरणग्रस्ताला केवळ पैसे न देता लाभक्षेत्रात जमीन द्यायचं ठरवलं. ज्यांना पाणी मिळणार त्यांच्यातल्या मोठ्या खातेदारांनी काही जमीन सोडायची, ती बुडालेल्यांना द्यायची. यामागचा न्याय मला आजही पटतो. प्रत्यक्षात मात्र नव्या गावठाणात पोचलेला माणूस तिथल्या शेतकऱ्याच्या नजरेत आपली जमीन घेणारा ठरला. बांधावरची भांडणं, कोर्टकचेऱ्या, मिळालेल्या जमिनीचा ताबाच न मिळणं हे जागोजागी झालं. रस्ता, शाळा, पाणी, स्मशानभूमी या नागरी सुविधांसाठी मोर्चे काढावे लागले. स्मशानभूमीचा प्रश्न सगळ्यात बोचरा. पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेल्या माणसाला आपलं माणूस कुठे न्यायचं हे दुसऱ्या गावाला विचारावं लागतं.

शिवाय ‘धरणग्रस्त’ हे नाव चिकटतं ते सुटत नाही. शाळेतला मुलगाही धरणग्रस्तांच्या वस्तीतला. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणून घरात दाखला जपून ठेवलेला असतो. आजोबांचं गाव नातवाने पाहिलेलं नसतं, पण अर्जात ते अचूक लिहावं लागतं : गाव, तालुका, बुडालेला गट नंबर.

कोयनेचं पाणी अडलं तेव्हा १९७६ चा कायदाही नव्हता. खोऱ्यातली माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी विखुरली. काही कुटुंबं सरकत सरकत वरच्या डोंगरात राहिली. त्याच रानाचं १९८५ साली अभयारण्य झालं आणि २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. या लोकांना पुन्हा ‘उठा’ म्हणून सांगण्यात आलं. एकाच आयुष्यात दोनदा उठलेल्या या वस्त्यांबद्दल पुढच्या लेखांकात.