जिवतीचा कापूस आणि मुंबईचा डॉलर

जिवतीच्या डोंगरपट्ट्यात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याने डॉलरची नोट बहुधा कधी पाहिलेली नसते. तरी रुपया घसरला की परदेशी रुई महागते, निर्यातदाराला गाठीमागे जास्त रुपये मिळतात आणि त्यातले थोडे कापसाच्या भावात झिरपू शकतात. त्याच घसरणीने डिझेल आणि खताचा खर्चही चढतो. सरकारने उचललेला वाटा वजा जाता उरलेला भार त्याच्याच माथी. म्हणून मुंबईत रिझर्व्ह बँक रुपया सावरायला बाजारात उतरते, तेव्हा तो जिवतीचाही प्रश्न असतो.

पण रुपया सावरतो का? बँक गंगाजळीतले डॉलर विकते, बदल्यात रुपये तिच्या तिजोरीत जातात. बाजारात रुपयांची चणचण होऊन व्याजदर वाढतात. ते नको असेल, तर कर्जरोखे विकत घेऊन तेच रुपये परत सोडावे लागतात. मग केलेल्या कामाचा बराचसा परिणाम पुसला जातो.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी आवरती घेण्याचे सूतोवाच केले आणि परकीय पैसा माघारी वळला. जुलैत रिझर्व्ह बँकेने पैसा महाग केला, तरी २८ ऑगस्टला रुपया डॉलरला ६८ च्या पलीकडे गेला. त्याच दिवशी सरकारी तेल कंपन्यांना परस्पर डॉलर देण्याचे ठरले. सर्वांत मोठे गिऱ्हाईक बाजारातून बाजूला झाले. पुढे अनिवासी भारतीयांच्या ठेवींसह सवलतीच्या योजनांतून सुमारे ३४ अब्ज डॉलर आले. तिकडे फेडनेही सप्टेंबरमध्ये हात आखडता घेणे लांबवले. तेव्हा कुठे रुपया स्थिरावला.

२०२२ मध्ये उलटे घडले. वर्षभरात गंगाजळी सुमारे ६४२ अब्जांवरून ऑक्टोबरमध्ये ५२५ अब्ज डॉलरपर्यंत उतरली. त्यात इतर चलनांची घसरणही होती. तरी रुपया ८३ वर गेलाच. मात्र घबराट माजली नाही.

तात्पर्य, रिझर्व्ह बँकेकडे ब्रेक आहे, सुकाणू नाही. दिशा तेलाचे बिल, महागाई आणि अमेरिकेचे व्याजदर ठरवतात.

ब्रेकही सर्वांना सारखा लाभत नाही. मोठा आयातदार वायदा करार करून दर बांधून घेतो. शेतकरी खत घेतो जूनमध्ये आणि कापूस विकतो दिवाळीनंतर. मधले महिने तो उघड्यावर असतो. रुपया नेमका वेचणीच्या दिवसांत धरून ठेवला, तर महागाई आवरते, पण त्याची किंमत काही अंशी कापसाच्या भावातून वसूल होते. ती मोजायची कोणी, हे मात्र कोणत्याच ताळेबंदात लिहिलेले नसते.